पान एक्केचाळीसवरची चिठ्ठी

टॅब चकचकीत कागदात गुंडाळून त्याला रिबन बांधायची कल्पना माझीच होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकायची सोय नाही. पुस्तकाचं प्रकाशन म्हटलं की पाहुण्यांनी रिबन सोडायची, कागद फाडायचा, पुस्तक छातीपाशी धरायचं आणि फोटोवाल्याकडे पाहायचं. हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की ई-पुस्तकाचं प्रकाशन आणखी कोणत्या रीतीनं करता येईल, हे मला सुचलंच नाही. अमरावतीहून निघायच्या आधी मी घरी बसून टॅब गुंडाळला, कोपरे नीट दुमडले, वर रिबनचं फूल केलं. फूल छान झालं होतं.

अकोल्यातल्या एका वाचनालयाचं सभागृह, रविवारची सकाळ, पन्नासेक माणसं. प्रमुख पाहुणे निवृत्त प्राचार्य. त्यांनी रिबन सोडली, कागद फाडला, टॅब छातीपाशी धरला, फोटो निघाला. मग सभेला पुस्तक दिसावं म्हणून त्यांनी बटण दाबलं, तर पडद्यावर नऊ ठिपके आले. ते कोणत्या क्रमानं जोडायचे, हे जगात फक्त मला माहीत. मी व्यासपीठाच्या कडेला उरलेले हार सांभाळत उभा.

"सर, वरून खाली. मग उजवीकडे. मग तिरपं."

प्राचार्य फळ्यावर आकृती काढावी तसं बोट फिरवत होते. पाच वेळा चुकल्यावर टॅबनं सांगितलं की तीस सेकंद थांबा. सूत्रसंचालकानं ते माइकवरून वाचून दाखवलं, आणि सभेनं भल्या मनानं तीस सेकंद टाळ्या वाजवल्या. माझ्या कोणत्याही पुस्तकाला एवढ्या टाळ्या मिळालेल्या नाहीत.

आता मी कोण ते सांगतो. मी अमरावतीतला छोटा प्रकाशक. छोटा म्हणजे किती, तर ऑफिस म्हणजे आमची समोरची खोली आणि गोदाम म्हणजे उरलेलं घर. दिवाणाखाली कवितासंग्रह आहेत, फ्रिजच्या मागे दोन कादंबऱ्या आहेत, आणि पाहुणे ज्या चौरंगावर चहा ठेवतात तो चौरंग नसून चादर टाकलेले समीक्षेचे गठ्ठे आहेत. म्हणून ई-पुस्तकाची गोष्ट निघाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद बायकोला झाला. "ते ठेवाले जागा लागत नाही ना?" एवढंच तिनं विचारलं. मी नाही म्हणालो, तर ती म्हणाली, "मंग आधी ते काहून नाही काढलं?"

काहून नाही काढलं, याची कारणं होती. आमची जुनी पुस्तकं ज्या फॉन्टमध्ये बसवलेली आहेत, तो फॉन्ट आता कोणताच कॉम्प्युटर ओळखत नाही. पहिली कादंबरी मी एका कंपनीकडे पाठवली, तर परत आलेली फाइल कोणत्या भाषेत होती हे त्यांनाही सांगता आलं नाही. सगळं पुन्हा टाइप करायचं, पुन्हा तपासायचं, म्हणजे नवं पुस्तक काढल्यासारखंच. दुसऱ्या लेखकानं विचारलं की ई-पुस्तकावर 'सप्रेम भेट' लिहून सही कुठे करायची. आमच्या भागात निम्मी पुस्तकं त्या सहीसाठीच छापली जातात. मी अडकलो होतो. ई-पुस्तक काढावं तर जमत नाही, न काढावं तर प्रत्येक संमेलनात कोणीतरी पुण्याचा माणूस खांद्यावर हात ठेवून विचारतो, "अजून डिजिटल नाही झालात?"

त्यातून वाट निघाली ती काकाजींच्या पुस्तकामुळे.

काकाजी म्हणजे नात्यातले नव्हेत. बार्शीटाकळी तालुक्यात आयुष्यभर कृषी सहायक म्हणून सायकलवर फिरलेले, आता ऐंशीच्या पुढचे, अकोल्यात लेकाकडे राहणारे. फिरता फिरता त्यांनी बायकांना विचारून विचारून रानभाज्यांची माहिती लिहिली आणि प्रत्येक भाजीचं चित्र शाईच्या पेननं स्वतः काढलं. बावीस वर्षांपूर्वी मी ते पुस्तक छापलं. पुढे भाज्या, शेवटी 'हे खाऊ नका' असं एक प्रकरण. पाचशे प्रती हळूहळू का होईना, संपल्या. दिवाणाखाली न गेलेलं माझं हे एकच पुस्तक.

आता काकाजींच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला आहे. अक्षर दिसत नाही, माणूस आवाजावरून ओळखतात. भिंग घेऊनही स्वतःचं पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं. गेल्या वर्षी मी भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, "प्रकाशक, त्या टॅबवर म्हणे बोटानं चित्र मोठं होते?" मी म्हणालो, होतं. "किती मोठं?" मी म्हणालो, पाहिजे तेवढं. "मंग माह्यं तेवढं करून दे. एकदा पाहून घेतो."

या पुस्तकाला फॉन्टची अडचण नव्हती. चित्रं एवढी होती की कंपनी म्हणाली, पानांचे जसेच्या तसे फोटोच देऊ. पुस्तकाची एकही प्रत माझ्याकडे शिल्लक नव्हती, पण छपाईच्या वेळची सीडी बायकोनं लोणच्याच्या बरण्यांमागून काढून दिली. ती चालली, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की तिच्यावरची पानं मी उघडून पाहिली नाहीत. सरळ पाठवून दिली. करारावर जिथे जिथे चौकोन होता तिथे तिथे टिचकी मारली. समारंभात सांगायला आकडा हवा, म्हणून तीन दिवस आधीच पुस्तक आठ दिवसांसाठी फुकट ठेवलं.

तर तीस सेकंद झाली, मी वर जाऊन ठिपके जोडले, पुस्तक उघडलं. भाषणात मी सांगितलं की आजवर दोनशे अकरा वाचकांनी हे पुस्तक उतरवून घेतलं आहे, आणि तुम्हीही आत्ताच मोबाइल काढा. आठ जणांनी खरोखर काढले. मी टॅब काकाजींच्या हातात दिला.

त्यांनी दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली. चित्र वाढलं. आणखी फाकवली. मान तिरपी करून, डागाच्या कडेनं ते पाहायला लागले. पान सुपाएवढं मोठं झालं, शिरा दिसल्या, देठावरचे ठिपके दिसले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, चला, पंचवीस वर्षांच्या धंद्यात एक काम नीट झालं. ते एकेक पान सरकवत होते. मग एका पानावर थांबले. माइक जवळ होता म्हणून त्यांनी तो हातानं झाकला आणि मला विचारलं,

"चिठ्ठी कुठं हाय?"

मी वाकून पाहिलं. पान एक्केचाळीस.

बावीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडे चित्रं बसवायला मी स्वतः बसलो होतो. काकाजींनी प्रत्येक चित्रामागे पेन्सिलनं नंबर टाकला होता. मी ते नंबर वाचत होतो आणि तो बसवत होता. त्यात दोन चित्रं एकमेकांच्या जागी गेली. कुंजरू या रानभाजीच्या पानावर धोतऱ्याचं कोवळं रोप आणि 'हे खाऊ नका' मध्ये कुंजरू. पुस्तक बांधून आलं, चाळीस प्रती वाटून झाल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते अकोल्याच्या बाजारात पालेभाजी घेऊन बसणाऱ्या एका बाईच्या. काकाजींनी तिला प्रत भेट दिली होती, कारण चार भाज्या तिनंच सांगितल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. तिनं नुसती चित्रं पाहिली आणि म्हणाली, "भाऊ, हे त धोतरं होय. हे खाल्लं त माणूस यडं होऊन फिरन."

मग आम्ही चिठ्ठ्या छापल्या. बोटभर कागद, चित्रावर बरोबर बसेल असा. माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. बायकोनं मैद्याची खळ शिजवली, आणि आम्ही दोघं चार दिवस घरात चारशे साठ चिठ्ठ्या चिकटवत बसलो. तिच्या मैत्रिणी तेव्हा नवऱ्यांबरोबर चिखलदऱ्याच्या थंड हवेत जाऊन फोटो काढून आल्या होत्या. उरलेल्या चाळीस प्रतींसाठी काकाजी गेले. माझ्याकडे वही होती, कोणती प्रत कोणाला दिली त्याची. त्या वहीवरून ते खळीची स्टीलची डबी घेऊन चाळीस घरी गेले, स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली आणि वहीत खूण केली. शेवटची प्रत बडनेऱ्याला रेल्वेतल्या एका माणसाकडे होती. तो ड्यूटीवर होता, म्हणून काकाजी त्याच्या दारात दुपारभर बसून राहिले.

चिठ्ठी कागदावर होती. सीडीत नव्हती. सीडीत धोतरा अजून कुंजरूच्या जागी हिरवागार उभा होता, आणि मी तो दोनशे अकरा लोकांच्या घरी फुकट पोचवला होता.

काकाजींनी माइकवरचा हात काढला आणि सभेला सांगितलं, "ज्यानं ज्यानं आता मोबाइलवर घेतलं, त्यानं हात वर करा." आठ हात वर झाले. "एक्केचाळीस पानावरची भाजी खायची नाही. ते धोतरं होय." लोक हसले. अकोल्यात धोतरा कोणाला माहीत नाही? एक जण म्हणाला, "काकाजी, आमाले पुस्तक नसतं तरी समजलं असतं."

"तुमालेच त म्हणून राहिलो," काकाजी म्हणाले. "खेड्यातल्या माणसाले पुस्तक लागत नाही. पुस्तक पाहून भाजी तोडते तो शहरातला माणूस. अन् मोबाइलवर तोच वाचते." मग माझ्याकडे तोंड करून, "बाकीच्या दोनशे अकरांचे पत्ते काढ."

"पत्ते नसतात, काकाजी."

"वही नाही ठेवली?"

"वही त्या कंपनीकडे असते. ते सांगत नाहीत."

"काहून? आपलं पुस्तक, आपले वाचक, अन् आपल्याले नाव सांगत नाही?"

हा प्रश्न मी टिचकी मारायच्या आधी विचारायला हवा होता. पाऊस सुरू होऊन महिना झालेला, रानात, रस्त्याच्या कडेला, सोसायट्यांच्या मागे सगळीकडे कोवळं उगवलेलं. एखादी हौशी बाई मोबाइल हातात घेऊन, चित्र ताडून, अगदी चित्रासारखंच रोप शोधून काढेल. आणि काकाजींनी चित्र तर हुबेहूब काढलं होतं.

पाहुणे चहाकडे गेले. मी आणि काकाजी सभागृहाच्या कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलो. पुस्तक ताबडतोब बंद करायचं, तर खात्यात शिरायला हवं. खात्यात शिरायला मोबाइलवर सहा आकडे येतात, आणि ते येतात बायकोच्या मोबाइलवर. कारण माझ्या नंबरावर मी आधी एक खातं उघडलं होतं आणि त्याचा पासवर्ड विसरलो होतो. एका नंबरावर दुसरं खातं उघडता येत नाही. बायको त्या दिवशी माहेरी, नांदगाव खंडेश्वरला, भाच्याच्या मुलाच्या बारशाला गेलेली.

फोन सासऱ्यांनी उचलला.

"जवाईबापू का? तुमी काहून नाही आले?"

"मामाजी, ही कुठं आहे?"

"पंगत बसली, वाढून राहिली. मोबाइल माह्यापाशी देऊन गेली."

"बरं झालं. आता त्यावर एक मेसेज येईल. त्यात सहा आकडे असतील, ते वाचून दाखवा."

मग, "आला."

"वाचा."

"'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.'"

"ते असतंच मामाजी. आकडे वाचा."

"कोणालाही म्हंजे कोणालाही. आमच्या शेजारच्यानं असाच सांगतला होता, मंग बसला डोक्याले हात लावून."

"मामाजी, मी आहे."

"आवाज त तुमचाच वाटते. पण आता आवाजबी बनवतेत म्हणे." ते थांबले. "लग्नात कायच्यावरून रुसले होते, सांगा."

काकाजी बाजूला बसलेले, फोन मोठ्या आवाजावर. चहाचे कप घेऊन दोन-तीन जण जवळ आलेले. त्यात प्राचार्य होते.

"मी रुसलो नव्हतो, मामाजी."

"मंग तुमी ते नाही."

"बरं. मठ्ठा आंबट होता म्हणून."

"अन् उठून कुठं जाऊन बसले होते?"

"ट्रॅक्टरवर."

"आता पटलं," सासरे म्हणाले आणि आकडे वाचले. तोवर दहा मिनिटं उलटून गेली होती. ते आकडे आता चालत नव्हते. मी पुन्हा मागवले, तर नांदगावात रेंज गेली. टॅबवर पुस्तकाखाली दिसणारा आकडा दोनशे एकवीस झाला. एरवी एखादी प्रत खपली की मी घरात सांगत फिरतो. त्या दिवशी प्रत्येक आकड्यासरशी काकाजी विचारत, "वाढला का?" आणि मी हो म्हणत होतो. त्यांना पडदा दिसत नव्हता, खोटं बोलता आलं असतं. पण चुकीचं चित्र ज्याला डागाच्या कडेनं दिसलं, त्याच्याशी खोटं काय बोलणार?

तिसऱ्या वेळी फोन बायकोनं घेतला. मागे पंगतीचा गलका होता. मी एका दमात सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "एक्केचाळीस? परत?" आणि आकडे वाचले.

मी खात्यात शिरलो. 'पुस्तक बंद करा' असं बटण होतं, दाबलं. उत्तर आलं की मोफत योजनेचा कालावधी संपेपर्यंत बदल करता येणार नाही. 'फाइल बदला' दाबलं. उत्तर आलं की नवी फाइल तपासणीनंतर दिसेल. माहितीत दोन ओळी घालायला गेलो, त्यालाही तपासणी. कंपनीच्या नंबरावर फोन केला, तर एका बाईंचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला की आज कार्यालय बंद आहे आणि माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुस्तक माझं, चूक माझी, खातं बायकोच्या नंबराचं, आणि मी आत शिरून दाराला आतून कुलूप लावून बसल्यासारखा. शेवटी मी टॅब मांडीवर उलटा ठेवला. काकाजी म्हणाले, "मी चाळीस घरं फिरलो होतो." मी मान हलवली. त्यांना ती दिसली नाही.

बायकोचा पुन्हा फोन आला. "बंद झालं का?"

"होत नाही."

"त्या पुस्तकाखाली लोकं लिहितात ना, आवडलं, नाही आवडलं? ते लगेच दिसते का?"

"ते दिसतं. पण ज्यानं पुस्तक घेतलं त्यालाच लिहिता येतं."

"मंग थांबा."

आकडा दोनशे बावीस झाला. ती बायको होती. पुस्तकाखाली आजवर सात अभिप्राय होते, सगळे पाच ताऱ्यांचे, सगळे माझ्या चुलत-मावस भावंडांचे, आणि पुस्तक त्यांतल्या कोणीही उघडलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. पाच-सात मिनिटांनी त्या सातांच्या वर आठवा आला. एक तारा. मी काकाजींना वाचून दाखवला: "पान ४१ व पान ८८ वरील चित्रांची अदलाबदल झाली आहे. पान ४१ वरील चित्र कुंजरूचे नसून धोतऱ्याचे आहे. ते खाऊ नये. चूक प्रकाशकाची आहे."

बावीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी, शब्दाला शब्द. शेवटचं वाक्य तेवढं नवं.

"कोणी लिवलं?" काकाजींनी विचारलं.

"घरून."

"सूनबाई हुशार हाय," ते म्हणाले. "तिनं चिकटवल्या होत्या ना तवा?"

मी तिला फोन करून विचारलं की एकच तारा कशाला दिला, पुस्तक तर चांगलं आहे. ती म्हणाली, "पाच तारे तुमच्या भावांनी दिले, ते कोणी वाचते का? एक तारा दिसला की माणूस पाहते, भांडण काय हाय म्हणून."

सोमवारी कंपनीतली मुलगी फोनवर आली. फार नम्र होती. माझी तक्रार नोंदवली गेली आहे, असं तिनं चार वेळा सांगितलं. मी विचारलं, ज्यांनी पुस्तक घेतलंय त्यांना निदान तुम्ही तरी कळवाल का? ती म्हणाली, वाचकांची माहिती आम्ही वापरत नाही, सर, आपणच करारात मान्य केलंय. मी म्हणालो, माहिती मला देऊ नका, तुम्हीच कळवा. ती म्हणाली, तशी सोय सध्या नाही. मी धोतऱ्याबद्दल सांगितलं. तिनं प्रामाणिकपणे विचारलं, "धोतरा म्हणजे काय, सर?" आणि काकाजी कोणाची काळजी करत होते ते मला नीट कळलं.

दुरुस्त पुस्तक आठ दिवसांनी आलं. तोवर आकडा तीनशे चाळीस झाला होता. नवी प्रत घ्यायची तर वाचकानं स्वतः एक बटण दाबावं लागतं, आणि ते कोण दाबणार? वर्तमानपत्रात मी दोन ओळी दिल्या, माहीत असलेल्या सगळ्या गटांवर निरोप टाकला. काकाजींचा रोज सकाळी फोन. "कोणी आजारी पडल्याचं आलं का?" नाही, काकाजी. "अन् बरं असल्याचं?" तेही नाही. चाळीस घरांच्या वेळी दार उघडणारा माणूस समोर उभा दिसायचा, तेवढ्यानंच त्यांचं समाधान व्हायचं.

मग एका संध्याकाळी बायकोच्या एका ताऱ्याखाली कोणीतरी उत्तर लिहिलेलं दिसलं. नाव नव्हतं, नुसतं 'वाचक'. "मी काल सोसायटीच्या मागून तोडून आणलं होतं, निवडूनही ठेवलं होतं. करायच्या आधी सहज इथे डोकावले. टाकून दिलं. हात साबणानं धुतले. आभार."

मी तिथल्या तिथे काकाजींना फोन लावला आणि वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "हात धुतले म्हणते? बरं केलं." एवढ्या दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला. कुठली बाई, कोणत्या गावची, हे त्यांनी विचारलं, मला सांगता आलं नाही. मग ते एकदम म्हणाले, "थांब, थांब."

"काय झालं, काकाजी?"

"मंजे लोकं खरंच वाचून राहिले, प्रकाशक."

"हो ना."

"मंग बाकीचेबी वाचत असतीन."

फोन ठेवल्यावर मी चादरीच्या चौरंगावर बसलो. आजवर माझं दुःख एकच होतं, की कोणी वाचत नाही. संमेलनात, बसमध्ये, सासुरवाडीला, जिथे संधी मिळेल तिथे मी ते सांगितलं आहे. आणि आता मी त्या तीनशे चाळीस जणांची मनातल्या मनात समजूत काढत होतो: फुकट मिळालेलं पुस्तक आहे, पडू द्या तसंच, उघडू नका, तुम्हाला कामं कमी आहेत का?

दिवेलागणीला बायकोनं देवापाशी निरांजन लावलं. मी सहसा लांबूनच हात जोडतो. त्या दिवशी जवळ जाऊन डोळे मिटून उभा राहिलो, जरा जास्तच वेळ. उघडले तर ती उदबत्ती हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

"काय मागून राहिले एवढं?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, त्या पुस्तकाची दुरुस्तीआधीची प्रत ज्याच्या ज्याच्याकडे आहे, त्यानं ती उघडून पाहू नये, एवढंच.

तिनं उदबत्ती लावली, घंटा वाजवली, आणि मग म्हणाली, "पंचवीस वर्षं लोकांनी वाचावं म्हणून हात जोडले, तवा कोणी वाचलं नाही. आता वाचू नये म्हणून जोडून राहिले. आता पाहा, सगळे वाचतीन."